गुलाबी पुंगळ्या

अल खर्ज, सौदी अरेबिया

तीर्थस्वरूप सदानंदकाका यांच्या चरणी पुतण्या उन्मेषचा दंडवत.

तुमचा गुडघा, काकूंची शुगर आणि सोसायटीच्या अध्यक्षांशी चाललेलं तुमचं भांडण, तिन्हींची प्रकृती उत्तम असावी. मी इथे खुशाल आहे. निवेदिताला बाळंतपणासाठी पुण्याला पाठवल्यापासून रोज खिचडी खातो आणि तिला फोनवर पालेभाजी खाल्ली म्हणून सांगतो. तिला डॉक्टरांनी आता पडून राहायला सांगितलंय, हे तुम्हाला कळलंच असेल. बाळ यायच्या आत मला पुण्याला पोचायचंय, आणि रजेच्या अर्जावर सही लागते ती आमचे मुदीर, म्हणजे साहेब, अबू नवाफ यांची. ती सही का अडली आहे हे सांगण्यासाठी हे पत्र. (व्हॉट्सॅपवर तुम्ही मला फक्त सुप्रभातची फुलं पाठवता, म्हणून हे सविस्तर मेलने.)

अबू नवाफ यांना रायफलचा छंद आहे. परवाना आहे, क्लबाचं सभासदत्व आहे, नेम तेवढा नाही. (मागच्या स्पर्धेत त्यांनी शेजाऱ्याच्या लक्ष्यावर उत्तम गुण मिळवले.) दोष बाजारच्या काडतुसांचा आहे, असं त्यांचं मत पडलं. नाचता येईना अंगण वाकडं हे आपल्याकडे झालं. इथे अंगण सरळ करायला माणसं ठेवतात. त्यात त्यांना यूट्यूबवर एक दाढीवाला अमेरिकन आजोबा सापडला. उडालेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी उचलायची, लख्ख करायची, प्रेसमध्ये दाबून मापात आणायची, मग नवी टोपी, नवी बारूद, नवी गोळी, की काडतूस तयार. स्वतःच्या हाताने भरलेल्या काडतुसाची सर कशालाच नाही, असं आजोबा म्हणतो. साहेब त्याच्या प्रत्येक व्हिडिओची सुरुवात बघतात आणि पुढचा लावतात.

आता 'स्वतःचा हात' म्हणजे काय ते सांगतो. साहेबांच्या हातात कहव्याचा पेला असतो. क्लबातून पुंगळ्या वेचायला ड्रायव्हर, कस्टममध्ये अडकलेला प्रेस सोडवायला आमच्या स्टोअरचा नूरुद्दीन, आणि उरलेलं सगळं मी. मी पशुखाद्याच्या कंपनीत हिशेब बघतो. गाईंच्या पेंडीपलीकडे माझं ज्ञान नाही. माझा गुन्हा एवढाच की चहाच्या वेळी मी म्हणालो, माझे काका दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले. हे तर खरंच आहे. सीमेवर सुटलेल्या निम्म्या गोळ्या तुमच्या नजरेखालून गेल्या, हे तुम्ही माझ्या मुंजीत सगळ्या मांडवाला सांगितलं होतं. मी तेच इंग्रजीत सांगितलं. साहेब 'माशाअल्ला' म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर खजुराचं खोकं आलं. मी ते कौतुकाने सगळ्यांना वाटायला उघडलं, तर आत पुंगळ्या.

पुंगळ्या काळ्याठिक्कर आणि पॉलिशचं यंत्र अजून समुद्रात. नूरुद्दीन रत्नागिरीचा आणि राहायला माझ्या शेजारीच. तो म्हणाला, "कोकमाच्या पाण्यात टाक रे. आमची दादी पितळेची भांडी तशीच उजळायची. पण तासाभरात काढ हां." मी न्हाणीघरात बादली भरून पुंगळ्या बुडवल्या. तास संपतो न संपतो तोच इमारतीचा रखवालदार नळ गळतो का बघायला आत शिरला. परदेशी माणसाच्या बादलीत रायफलच्या पुंगळ्या कशा, याचा खुलासा मला कुठल्याच भाषेत जमला नसता, म्हणून मी झटकन टॉवेल टाकला आणि "मॅडम का कपडा" म्हणालो. तो बिचारा मान खाली घालून गेला. तेवढ्यात पुण्याहून फोन आला, निवेदिताला दवाखान्यात नेलंय म्हणून. मग कुठली बादली आणि कुठलं कोकम. ती सुखरूप घरी परतल्याचं कळेपर्यंत मला घास गेला नाही. पुंगळ्या गुरुवारी घातल्या होत्या, त्या शनिवारी आठवल्या. टॉवेल उचलला, तर सगळ्या गुलाबी. तांबूस वगैरे नाही, बारशाला आणतात त्या फ्रॉकसारख्या गुलाबी.

साहेबांनी विचारलं, हे काय. मी म्हणालो, काकांची खास पद्धत. (माफ करा, त्या क्षणी दुसरं कोणी आठवेना.) साहेब इतके खूश झाले की त्यांनी त्या क्लबात फिरवल्या. आता त्यांच्या दोन चुलतभावांनीही खोकी पाठवली आहेत आणि माझ्या बादलीत मला आंघोळीला जागा नाही.

त्यानंतर मी आजोबाचा व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. (शेवटपर्यंत बघायचं काम कुठल्याही कंपनीत हिशेबनिसाकडेच येतं.) आंबट पाण्यात फार वेळ राहिलं की पितळेतलं जस्त निघून जातं, म्हणून ते गुलाबी होतं. अशी पुंगळी कमजोर. बार उडवताना फाटू शकते, आणि रायफल तर गालाला टेकवलेली असते. फेकून द्या, असं आजोबा अगदी हात जोडून सांगतो. मी धावत साहेबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तू हिशेब बघ, काडतुसांचं तुझ्या काकांना कळतं.

इतके दिवस मी निर्धास्त होतो, कारण बारुदीची परवानगी अडली होती. ती परवा आली. पहिला बार उडाला की तुझ्या रजेवर सही, असं साहेबांनी सगळ्यांसमोर जाहीर केलंय. म्हणजे त्यांचा गाल जितक्या लवकर धोक्यात, तितक्या लवकर मी पुण्यात. काका, मला खरोखर भीती वाटते. माणूस आळशी आहे, ऐकून घेत नाही, पण निवेदिता निघाली तेव्हा तिला विमानतळावर सोडायला त्यानेच स्वतःची गाडी दिली आणि वाटेत लागेल म्हणून उशी ठेवली. त्याचा चेहरा फुटावा आणि मी तिकडे पेढे वाटावेत, हे माझ्याने होणार नाही.

काकूंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. गुडघ्याला शेक चालू ठेवा.

आपला,
उन्मेष

ता. क. : शुक्रवारी दुपारी साहेब तुम्हाला व्हिडिओ कॉल करतील. नंबर मीच दिलाय. तुम्ही एवढंच म्हणायचं: "पिंक नो फायर. थ्रो." मग जमलं तर: "सेंड उन्मेष. आय विल टीच." पाठ करून ठेवा.

ता. क. २ : तुम्ही कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये होतात आणि तुमच्या नजरेखालून गेले ते बटाटेवडे, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मुंजीतही ठाऊक होतं. कोणी बोललं नाही, कारण तुम्ही सांगता फार झकास. जे कधी केलं नाही त्याबद्दल आयुष्यभर ज्या आवाजात बोललात, त्याच आवाजात एकदा खरं बोला. मी खरं सांगितलं तर इथे कोणी ऐकत नाही.

ता. क. ३ : मेल पाठवणार तोच साहेबांनी बोलावलं. व्हिडिओ कॉल रद्द. एवढ्या मोठ्या माणसाशी फोनवर बोलणं त्यांना बरं वाटेना, म्हणून ते स्वतःच माझ्याबरोबर पुण्याला येताहेत. तुमच्याकडे चार दिवस उतरतील, तुमच्याकडून काडतूस भरायला शिकतील आणि तुमच्या ओळखीने कारखाना बघतील. तोवर गुलाबी पुंगळ्यांना हात लावणार नाहीत, असा शब्द दिलाय. माझ्या रजेवर सही झाली. तेव्हा काका, माझी काळजी मिटली. तुम्ही कुठल्या गावाला जाताय तेवढं कळवा.