जनावरांच्या फ्रिजमध्ये माझे इंजेक्शन ठेवण्याबाबत

प्रति,
मा. पशुधन विकास अधिकारी,
जनावरांचा दवाखाना, बोरमाळवाडी (रहिमतपूरजवळ), जि. सातारा.

विषय : लसींशेजारी माझे इंजेक्शन सोमवारपर्यंत ठेवू देण्याबाबत.
संदर्भ : माझे आज सकाळचे दोन अर्ज, आपला तोंडी नकार, "हा माणसांचा दवाखाना नाही."

महोदय,

१. मला प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग आहे. प्रकृती उत्तम आहे. औषध थंड राहिले तर पुढेही उत्तम राहील. इंजेक्शन सोमवारी टोचायचे आहे. सांगलीचे दुकान शनिवार-रविवार बंद, म्हणून आजच एसटीने आणले. घरी फ्रिज नाही.

२. सांगलीच्या डॉ. चारुशीलाबाईंनी सांगितले ते असे. मेंदूखालच्या ग्रंथीच्या पेशींवर रिसेप्टर असतात, म्हणजे दारावरची घंटा. पेप्टाइड हार्मोन हा निरोप्या ती थांबून थांबून वाजवतो. मग पुरुषी हार्मोन तयार होते आणि त्यावर माझी गाठ पोसते. इंजेक्शनही तसाच निरोप्या आहे, पण तो महिनाभर घंटेवरचे बोट काढत नाही. घरातले वैतागून घंटाच काढून ठेवतात. हार्मोन बंद, गाठ उपाशी. खुद्द गाठीवरही अशा घंटा असतात का, हे परदेशात शोधत आहेत म्हणे.

३. यावरून उमगले की लागोपाठ दोन अर्ज करून मी आपल्या कार्यालयाची घंटा बिघडवली. म्हणून मध्ये तासभर अर्ज केला नाही. आता एकदाच वाजवतो.

४. (हा मुद्दा पत्नीने खोडला. या औषधाने माझ्या अंगातून वाफा निघतात, त्याविषयी होता. ती म्हणाली, "माझ्या अंगातनं निघत व्हत्या तवा मी कुणाला अर्ज केला व्हता?")

५. आपले शिपाई बिराप्पा बाकावर शेजारी बसून म्हणाले, "आवं सुभेदार, म्हशी माजावर याव्या म्हणून सायेब जे टोचत्यात, ते तुमच्याच औषधाचं भाऊबंद हाय." आपल्याला विचारले, आपणही हो म्हणालात. म्हशीची घंटा एकदाच वाजते, ती ओरडू लागते. माझी महिनाभर वाजते, मी गप्प होतो. मग एक भाऊ आत गारव्याला आणि दुसरा बाहेर उन्हात का?

६. तरी नियम म्हणजे नियम. मी फौजेत होतो. फ्रिजमध्ये जनावरांचेच औषध राहत असेल तर माझा केसपेपर काढावा. माहिती भरून देतो :

मालकाचे नाव : विजयमाला फडतरे
जनावर : एक, नर
वय : चौसष्ट (दात पाहावेत)
रंग : सावळा
शिंगे : नाहीत
दूध : पितो
स्वभाव : गरीब (मालकिणीने "मारका" लिहिले होते, बिराप्पांनी खोडले)
तक्रार : काही नाही. अजून बरीच वर्षे चरायचे आहे.

आपल्याच व्हरांड्यात बसलेला, आपला नम्र,
सुभेदार (निवृत्त) लालासाहेब फडतरे
शुक्रवार, १८ एप्रिल १९९७

सोबत : १) डॉक्टरांची चिठ्ठी. २) थर्मास, इंजेक्शनसह. रहिमतपुरात बर्फ भरला तेव्हा खडखडत होता, आता नुसता डुचमळतो.

शेरा (लाल शाईत) : ठेवून घ्यावे. केसपेपर नको. बिराप्पा, खोक्यावर नाव ठळक लिहा. अदलाबदल झाली तर म्हैस गप्प बसेल आणि सुभेदार गावभर ओरडत सुटतील.