हिरवळीला शेणखत

नागपूर, १४ सप्टेंबर २०२५

चि. अंकुश यास,
ताईचा सप्रेम जय भीम.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला फार उशीर केला, माफ कर. वेळ नव्हता असं लिहिलं तर खोटं होईल. कसं सांगावं तेच कळत नव्हतं, आणि फोनवर तू दोन वाक्यांत निरोप घेतोस.

कुहीच्या शेतात गोल्फच्या पटिंगच्या, म्हणजे चेंडू हळूच छिद्रात ढकलायच्या, सरावासाठी तू गालिच्यासारखी बारीक कापलेली हिरवळ केलीस आणि जाताना बाबांना तिची काळजी घ्यायला सांगितलंस. बाबांनी घेतली. त्यांना ते गवत रोडावलेलं दिसलं. पोरानं लावलं, पन त्याले खायाले काहीच देल्लं नाही, असं ते गावभर सांगत होते. त्यांनी दोन गाड्या शेणखत घातलं, धानाच्या बांधीचं पाणी तिकडे वळवलं. रविवारी गेले तर गवत माझ्या गुडघ्याला लागलं. बाबा काठावर असे उभे, जणू पीकस्पर्धेचे परीक्षक यायचे आहेत. चेंडू घालायचं तुझं छिद्र मला सापडलं नाही; बेडूक सापडले.

पात्रता फेरी नोव्हेंबरात. तीत घसरलास तर वर्षभर मोठ्या स्पर्धा बंद, आणि तुझं सगळं अडतं ते शेवटच्या छोट्या फटक्यात. हे ठाऊक असून मी बाबांसमोर गवताची तारीफ केली. तो भित्रेपणा होता की माया, अजून ठरत नाही. काय करू, कळव. लोभ आहे तेवढा राहू दे, रागावून कमी करू नकोस.

तुझी,
अरुंधतीताई

बंगळूर, २२ सप्टेंबर

सौ. ताईस,
सविनय जय भीम.

पत्र वाचून इतका हसलो की सोबत राहणाऱ्या पियूषला वाटलं, मी स्पर्धा जिंकलो. त्याला सांगितलं, मी नाही, बाबा जिंकले.

तू काहून एवढी चिंता करून राहिली वं? बरंच झालं. इथेही हातभरावरून चेंडू चुकवला. एका क्लबात मुलांना शिकवायची नोकरी मिळते आहे, म्हणून पात्रता फेरीला नावच देऊ नये असं मनात आहे. साहेबांच्या बॅगा उचलता उचलता खेळाडू झालो, आता खेळता खेळता मास्तर होईन. घरात एक मास्तरीण आहेच, तिचा जाच सगळ्यांच्या अंगवळणी पडला आहे.

बाबांना मात्र यातलं काही सांगू नकोस. दहा वर्षांत ते एकदाही माझा खेळ बघायला आले नाहीत. माझ्या खेळासाठी त्यांनी आपणहून केलेलं हे पहिलंच काम. ते बिघडलं असं त्यांना कळायला नको.

आईला जय भीम. तुझी माया अशीच वाढो, खताशिवाय.

अंकुश

नागपूर, ५ ऑक्टोबर

चि. अंकुश यास,
सप्रेम जय भीम.

सांगू नकोस म्हणालास, मी सांगितलं, हिरवळीचंही आणि तू नाव देत नाहीस तेही. दसऱ्याला आई-बाबा दीक्षाभूमीवर आले होते, मुक्कामाला माझ्याकडे. अंकुश काहून नाही आला, असं बाबांनी इतक्यांदा विचारलं की मला थाप मारवेना. बाबा जेवले नाहीत. आईनं मात्र तोंडाला पदर लावून हसून घेतलं. एवढी निगा माह्यी कधी राखली नाही, असंही वर सुनावलं.

घरी जाऊन बाबांनी विळ्यानं सगळं गवत कापून म्हशीला घातलं. म्हैस खूश आहे. हिरवळ मात्र कापणीनंतरच्या बांधीसारखी दिसते, तुझ्या कामाची राहिली नाही. मग त्यांचा मला फोन. माह्या गवतापायी पोरगं खेळ सोडून राहिलं, हे ऐकून घेणार नाही म्हणाले. त्याले म्हणाव नाव दे, मी येतो. कशाला, असं विचारलं तर म्हणाले, हरलं तर कशानं हरलं ते मले माह्या डोळ्यानं पाहू दे.

तेव्हा नाव दे. मी तुझा शब्द मोडला ते बरोबर की चूक, यावर माझा विचार चालू आहे. तोवर तुझा राग राखून ठेव. तिथल्या मैदानावर कुणालाही खताचा सल्ला द्यायचा नाही, असं बाबांना बजावलं आहे. त्यांनी अजून कबूल केलेलं नाही.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

उद्याचं काम: बाबांचं तिकीट काढणे.