सुपर कार्ड येईपर्यंत

३० नोव्हेंबर २०२५, रविवार

लडकूकाकांच्या शीतलचं लग्न शूट करून आलो. डोळखांबच्याही पुढचा पाडा. शेवटचा चढ ट्रायपॉड खांद्यावर घेऊन. भगीरथ फिल्म्स, किन्हवली, हे नाव आता थेट जंगलात पोचलं. फुटेज एक नंबर. ड्रोन एकदाच सागात अडकला.

एकच भाग बोअर. लडकूकाकांची थोरली बहीण धोंडीआत्या ही इकडची जुनी धवलारीण, लग्नविधींची गाणी म्हणजे धवले गाते. आजवर कुणाला रेकॉर्ड करू दिलं नव्हतं म्हणे, शीतलने हट्ट धरला म्हणून तयार झाली. तिने आधी डीजे बंद करायला लावला. मग मांडवात मांडी ठोकून हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळे धवले म्हटले. बायका डोळे पुसत होत्या. मी पूर्ण शूट केलं, पण लाइट खराब आणि अँगल एकच. एडिटमध्ये आवाज कमी करून वर ड्रोन शॉट आणि पियानो टाकतो.

फिल्म महिन्यात देतो असं सांगितलंय. खरं तर पंधरा दिवसांत देऊन सगळ्यांना गार करायचं.

२ डिसेंबर

एडिट सुरू. तिसऱ्या क्लिपला पीसी हँग.

रेश्मा म्हणाली, गेल्या सीझनला याच डब्यावर सगळी लग्नं काढलीत, मागे त्या यूट्यूबच्या खिडक्या उघड्या आहेत त्या बंद करा. बायकोला टेक्निकल गोष्टी सांगण्यात अर्थ नाही. निदान स्पष्ट आहे: ग्राफिक्स कार्ड म्हातारं झालं. नवं घ्यायचं. टॉपचंच. उद्याच.

३ डिसेंबर

घ्यायचं नाही!!

रात्री डोळे उघडले. म्हणजे व्हिडिओ बघून उघडले. या कार्ड कंपन्यांची चाल अशी: आधी टॉपचं कार्ड आणायचं, मुद्दाम मेमरी आखूड ठेवून. उतावळे लोक उड्या मारतात. मग वर्षा-दीड वर्षाने तीच चिप, थोडी जास्त मेमरी, चिमूटभर स्पीड, आणि नावामागे ‘सुपर’. दरम्यान दुकानांतून जुना माल गुपचूप आटवायचा, म्हणजे भाव पडत नाही. पहिले उतावळे कपाळाला हात लावून बसतात. समोरची दुसरी कंपनी टॉपच्या वर्गात फिरकतच नाही, मग पहिलीला घाई कशाला?

सुपर जानेवारीत येतंय, अशी आतली खबर आहे. शहाण्याने थांबावं. जगातल्या एवढ्या मोठ्या कंपन्या, आणि त्यांचा डाव किन्हवलीत बसून एका माणसाने ओळखला. जरा अभिमान वाटला.

शीतलला फोन केला, क्वालिटीसाठी थोडा वेळ लागेल. ती म्हणाली, दादा, साधीच चालेल, फक्त आत्याचे धवले पूर्ण ठेवा. साधी चालेल म्हणे. लोकांना आपली किंमतच कळत नाही.

१९ डिसेंबर

कंपनीचीच चाल आपल्या धंद्यात लावली. ‘गोल्ड’ पॅकेज बंद. नवीन ‘गोल्ड सुपर’. काम तेच, अल्बमला मखमली कव्हर, भाव वर. फ्लेक्स छापून एसटी स्टँडसमोर लावला.

पहिलं गिऱ्हाईक आलं, फरक विचारला. मी म्हणालो, सुपर. त्याने थोडा वेळ फ्लेक्सकडे बघितलं आणि मुरबाडच्या विपुलकडे गेलं. विपुल म्हणजे तो लॅपटॉपवर फिल्म काढणारा. पोराला कसलीही स्ट्रॅटेजी नाही, ठरल्या दिवशी फिल्म देतो आणि मोकळा होतो. असे लोक टिकत नाहीत.

४ जानेवारी २०२६, रविवार

म्हशाच्या जत्रेत गेलो, गोल्ड सुपरची पत्रकं वाटायला. बैलबाजारात लडकूकाका भेटले. फिल्मचं विचारलं. मी त्यांना शांतपणे कार्डाचा सगळा इतिहास सांगितला. तीच चिप, नवं नाव, जास्त मेमरी, म्हणून थांबणं कसं शहाणपणाचं.

काकांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग समोरच्या बैलाकडे बोट करून म्हणाले, “ह्यो गेल्या सालाला पन हितंच उभा व्हता. तवा शिंगं काळी व्हती, आता लाल केलीत न् गळ्यात घुंगरू बांधलाय. दात तेच हायत. तुझ्या कंपनीचा बी असाच ना रे?”

मी म्हणालो, काका, टेक्नॉलॉजी आणि बैल यांत फरक असतो. ते म्हणाले, असंल बाबा, मंग नांगराला कवा जुंपतोस? ग्रामीण भागात जागृतीची फार गरज आहे.

२४ जानेवारी

कार्ड कंपन्यांचा परदेशातला मोठा शो झाला. सुपर जाहीर झालं नाही.

म्हणजे नक्की येणार. मोठ्या गोष्टी लपवूनच ठेवतात.

८ फेब्रुवारी

शीतलचा फोन, रडत होती. धोंडीआत्याला पॅरालिसिसचा झटका आला. जीव वाचला पण वाचा गेली. डॉक्टर म्हणतात, आता बोलणं कठीणच. “दादा, तिचे धवले तुमच्याकडंच हायत, दुसऱ्या कोनाकडं नायत. तेवढं द्या.”

वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण म्हणूनच जबाबदारी वाढली. आता ही फिल्म साधी देऊन चालणार नाही. आवाज एआयने घासूनपुसून द्यायचा. त्यासाठी सुपरच लागणार.

रेश्मा म्हणाली, पेनड्राइव्हमध्ये आहे तसं भरून द्या, मी नेऊन देते. कच्चं फुटेज! उद्या हॉटेलवाल्याला सांगशील, भजी राहू दे, पीठच दे. तिला हे ऐकवलं. ती म्हणाली, भूक लागली असली की मागतात पीठ पण. आणि भांडी घासायला गेली.

१५ फेब्रुवारी

मास्टरस्ट्रोक. जाणकारांचा नियम: नवं कार्ड जाहीर झालं की जुन्याचा भाव कोसळतो, म्हणून जुनं आधीच विकायचं. आज विकलं. घेणारा कोण? विपुल! लॅपटॉप सोडून पीसी जुळवतोय म्हणे, बिचारा जुनं कार्ड खुशीत घेऊन गेला. पिशवीत नीट धरून. मला त्याची कीव आली.

१६ फेब्रुवारी

पीसी लावला. पंखा फिरतो, लाइट लागतात. स्क्रीन काळा.

दुपारी उलगडा झाला. प्रोसेसर घेताना मी थोडा स्वस्तातला प्रकार घेतला होता. त्याच्यात स्वतःचा डिस्प्ले नसतो. कार्ड असेल तरच चित्र दिसतं. हे मला माहीत होतंच, फक्त त्या क्षणी आठवलं नाही.

काही बिघडत नाही. सुपर मार्चमध्ये येतंय. तोवर डोक्यातल्या डोक्यात एडिट करतो.

११ मार्च

मेमरीचा जगभर तुटवडा. सगळा माल एआयवाले उचलतायत. सुपर पुढे ढकललं, कदाचित येणारच नाही, असं तोच व्हिडिओवाला म्हणतो. जानेवारीत येणार हेही तोच म्हणाला होता. हसत होता. त्याच्या मागे शेल्फवर तीन कार्डं.

शहापूरच्या दुकानात चौकशी केली. साध्या कार्डाचाही भाव डिसेंबरपेक्षा खूप वर. दुकानदार म्हणाला, डिसेंबरात का नाय आलात? या माणसाला स्ट्रॅटेजी कशी समजावणार.

२२ मार्च

लडकूकाका घरी आले. एसटीने, दोन गाड्या बदलून. चहा घेतला. काळ्या स्क्रीनकडे बघत बसले. रेश्माने आत्याची चौकशी केली. काका म्हणाले, डोळ्यांनी सगळं वळखते, पाड्यात हळद असली की लोकं तिला खाटेसकट मांडवात नेतात, पन गानार कोन? पोरींना निम्मेच शब्द येतात.

मी काकांना सांगितलं, वर्षअखेरीस कार्डांची पुढची पिढी येतेय, सुपर गेलं खड्ड्यात, थेट पुढची पिढी! काका म्हणाले, “पिढीचाच तर परस्न हाय, भगीरथा.” माझा मुद्दा त्यांना पटलेला दिसला.

६ एप्रिल

मुरबाडला गेलो. विपुलला मोठ्या मनाने म्हटलं, कार्ड परत दे, तू दिलेस तेवढे पैसे देतो. तो म्हणाला, “दादा, नाय जमनार, सीझन चालू हाय. आन् कार्ड लय भारी हाय तुमचं. काय झालं होतं त्याला?”

काही झालं नव्हतं.

१९ एप्रिल

अक्षय्य तृतीया. आज तालुक्यात लग्नंच लग्नं. माझ्याकडे एकही नाही. विश्रांतीही गरजेची असते.

२८ एप्रिल

ड्रॉवरमध्ये शीतलच्या लग्नाची हार्ड डिस्क नाही! घर उलटंपालटं केलं. रेश्मा शांतपणे म्हणाली, मी दिली शीतलला. तुमच्या मशिनीला दिसत नाही, डिस्क उराशी धरून काय करताय? शीतल ती विपुलकडे घेऊन गेली म्हणे.

रागाने दुपारी जेवलो नाही. तिने ताट झाकून ठेवलं.

रात्री हिशेब मांडला तेव्हा बरं वाटलं. विपुलला ते जमणार नाही. लाइट खराब, अँगल एकच, आत्याचा श्वास मधेमधे ऐकू येतो. पोरगा हात टेकेल आणि डिस्क घेऊन माझ्याच दारात येईल. तेव्हा उपकार म्हणून करून द्यायचं.

१० मे, रविवार

शीतल माहेरी आलीय. लडकूकाकांनी आम्हा दोघांना बोलावलं. विपुल हरला, हे ओळखून मी उशिराची सगळी कारणं मोबाइलवर चार्ट काढून घेऊन गेलो.

अंगणात स्टुलावर टीव्ही ठेवला होता. पाड्यातल्या बायका चटयांवर. धोंडीआत्या खाटेवर, पाठीला उश्या. विपुल कुठेच नव्हता, त्याचं मुरबाडला लग्न होतं.

टीव्ही लावला. ड्रोन नाही, पियानो नाही. विपुलने काहीच केलं नव्हतं. मांडव, आत्या, आणि पहिल्या हळदीपासून धवले, एकही ओळ न कापता. आवाज स्वच्छ. ही सगळी कामगिरी माझ्या जुन्या कार्डाने केली.

स्वतःचा आवाज ऐकून आत्याने तोंड उघडलं. आवाज नाही. पण अर्धे ओठ शब्दागणिक बरोबर हलत होते. मग बायकांनी मागून धरलं. एका पोरीला पुढची ओळ येईना, तर आत्याने बऱ्या हाताने टीव्हीकडे बोट केलं, की तिथून घे. रेश्मा रडली. मलाही लाज वाटली, बऱ्यापैकी वाटली. चार्ट खिशातच राहिला.

मला कुणीच काही बोललं नाही. चहा दिला, बसा म्हणाले. ते जास्त लागलं. निदान शूटिंग माझं आहे, एकच अँगल असला तरी तो माझाच आहे, हे कुणाला तरी कळावं असं फार वाटलं. म्हणून उठलो, टीव्हीजवळ जाऊन उभा राहिलो आणि घसा खाकरला.

शीतल म्हणाली, दादा, जरा बाजूला व्हा, आत्याला दिसत नाय.

झालो.