कोल्हा आणि माझे दीर

मी, सिबिला क्राइटमायर, तांब्याच्या पत्र्यावर बोधकथांची चित्रे कोरून छापणारे कैलासवासी मॅथेउस यांची विधवा, राहणार आउग्सबुर्ग, देवाला स्मरून हे लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. असता तरी जुमानला नसता.

घर, छापयंत्र आणि कोरण्या आमच्या दुकानात काम करणाऱ्या आफ्राला. आमच्या चित्रांत रंग तिनेच भरले. फरचा कोट माझ्या बहिणीला; तो तिने आधीच नेला आहे, तेव्हा आता तो तिचा समजावा.

उरला 'कोल्हा आणि द्राक्षे' हा पत्रा. तो माझे दीर, चामड्याचे व्यापारी बाल्थाझार यांना. कारण सांगणे भाग आहे.

चित्र छापले तेव्हा दीर तणतणत दुकानात आले. "हा कोल्हा म्हणजे मीच! नाक बघा, नाक!"

"भावजी, सगळ्याच कोल्ह्यांना नाक असतं."

ते कचेरीत गेले. न्यायाधीशांनी चित्र पाहिले, दिरांना पाहिले, आणि हुकूम दिला: तात्पर्याखाली कोरावे, 'हा कोल्हा म्हणजे चामड्याचे व्यापारी बाल्थाझार नव्हेत.'

तोवर कोणाला संशयही नव्हता. आता अख्खे शहर चित्रावर तुटून पडले. ओळ काढा म्हणून दिरांनी पुन्हा दावा लावला. हुकूम तो हुकूम, असे उत्तर मिळाले. मग पाववाला आला. "लांडग्याखाली माझ्या शेजाऱ्याचं नाव घाला ना, तो लांडगा नाही म्हणून!" त्या 'नव्हे'वर आम्ही घराचे छप्पर नवे केले.

दिरांनी भावाशी बोलणे टाकले. त्याच्या मातीलाही आले नाहीत.

गेल्या रविवारी मात्र आले, आलुबुखाराचा केक घेऊन. "वहिनी, मेल्यावर तरी ती ओळ पुसाल?"

"मेल्यावर कशी पुसू, भावजी?"

दोघेही हसलो. मग ते रडू लागले. "खरं सांगा, तो मीच ना?" त्यांचे रडणे पाहून मला बोलवेना, म्हणून उत्तर इथे देते.

भावजी, तो तुम्ही नव्हता. मॅथेउसने आरशात बघून स्वतःलाच काढले होते. तुम्हा दोघांची नाके सासूबाईंची. मी सांगायला निघाले, तर म्हणाला, "थांब. पुन्हा भांडायला येईल, तेव्हा मीच सांगतो." तुम्ही आलाच नाहीत.

त्याच्या चेहऱ्याचे दुसरे चित्र कुठेही नाही. ओळ तासून टाका, कोल्हा जपा.

सही: सिबिला क्राइटमायर
साक्षीदार: उलरिख हाइस, शिंपी, वाल्बुर्गा मेर्ट्स, सुईण (केक खात असल्याने सहीवर डाग पडला, तो ग्राह्य धरावा)
आउग्सबुर्ग, ११ नोव्हेंबर १७६८