चावून दाखवणारी

४ मार्च
लागली बाई नोकरी! तीही जेवायची. आई म्हणाली, तुझ्या खादाडपणाचं अखेर सोनं झालं. मुलांच्या या इस्पितळातल्या सर्जनबाईंनी मुलाखतीत एवढंच विचारलं, पचन कसं आहे? म्हटलं, दगड खाऊन पचवते. हसल्या आणि लिहून घेतलं.

माझी विद्यार्थिनी पाच वर्षांची. सगळे तिला ठकी म्हणतात. जन्मतःच आतडं सडलं, कापावं लागलं; उरलं तीस सेंटिमीटर. पोषण छातीतल्या नळीतून थेट रक्तात. आता बाईंनी उरलेल्या फुगीर आतड्याला दोन्हीकडून आलटूनपालटून चिरा देऊन ते लांबवलंय. पण पोरीने जन्मात घास गिळलेला नाही, चमचा दिसला की मान फिरवते. मी समोर बसून चावून दाखवायचं, तिने बघून शिकायचं. मज्जाच आहे.

९ मार्च
ठकी तोंड उघडत नाही. पण मी चावते तेव्हा तिचा जबडा हलतो, मी गिळलं की तीही गिळते. नजर माझ्या गळ्यावर. मला मात्र जेवून उठलं तरी भूक असते.

१७ मार्च
एकही घास न खाता ठकीचं वजन दोन किलो वाढलं, तेही नळीतलं पोषण निम्मं करून. तपासणीत तिचं आतडं नव्वद सेंटिमीटर भरलं. तिच्या आईने माझे पाय धरले, मला रडू आलं. मला जुलाब लागलेत. बटाट्याच्या फोडी जशाच्या तशा पडतात.

२३ मार्च
माझे नऊ किलो उतरले. माझं खाल्लेलं माझ्या अंगी लागत नाही, तिच्या लागतं. सर्जनबाईंना सांगितलं. म्हणाल्या, थोडी कळ काढ, पोरीचं भलं होतंय.
आज खाल्लंच नाही. ठकी पोट धरून रडायला लागली. तिच्या आईने चमचा माझ्या तोंडात कोंबला. नर्सने हात धरले—

२९ मार्च
तपासणी. माझी. आतडं तीस सेंटिमीटर. छातीत नळी बसवली. ठकी घरी गेली, जाताना बिस्कीट खात होती.

११ एप्रिल
माझंही आतडं लांबवायचं ऑपरेशन झालं. घास तोंडाशी आला की उलटी होते.

१२ एप्रिल
मला शिकवायला नवी बाई आलीय. गुबगुबीत, हसरी. तिनेही तिच्या आईला नोकरीचं कळवलं म्हणे. डबा उघडला. तिला सांगायला हवं, पळ. सांगतेच. तिने घास घेतला— तिचा गळा— माझ्या पोटात ऊब— किती दिवसांनी—
मी तिला म्हटलं, अजून एक घे गं. सावकाश चाव, म्हणजे मला—