कोरायला एखादं पाप

पानेमोस महिना, ४
अप्फियाचा दगड आज देवळासमोर उभा राहिला. वर तंगडी कोरलेली, खाली कबुली — देवाच्या राईतलं लाकूड तोडलं म्हणून चंद्रदेव मेनने पाय मोडला! देवाने? अंजिराच्या झाडावरून पडली बया, मी स्वतः पाहिलं. आता येणारा-जाणारा तिचं पाप वाचतो आणि ही शेजारी उभी राहून नवरीसारखी मिरवते. काय गाव आहे! माहेरी, सार्डिस शहरात वडिलांनी मला अक्षरं शिकवली ती हे वाचायला?

पानेमोस, ९
ग्लिकोनचा डावा डोळा लाल झालाय. द्राक्षमळ्यातली धूळ, दुसरं काय! नवरा ऐकेल तर ना. सारखा चोळतो.

पानेमोस, १५
डाव्या डोळ्याने दिसेनासं झालं. सासूबाई थेट पुजाऱ्यालाच घेऊन आल्या. त्या मेट्रासने डोळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "घरात कुणाचं तरी पाप आहे. शोधा, कोरा, देव सोडेल."

मग काय, हरवलेली सुई शोधावी तशी पापाची शोधाशोध! ग्लिकोन बिचारा आठवून आठवून दमला. सासूबाईंना आठवावं लागलंच नाही. "सूनबाई, देवाला हसतेस तू. किती वेळा बजावलं!"

देवाला कुठे, तुम्हाला हसते — हे अर्थात मनातल्या मनात.

पानेमोस, २१
उजवाही लाल. मधाचं पाणी घालून झालं, शेकून झालं. ग्लिकोन म्हणाला, "अगं, आईच्या समाधानासाठी तरी काहीतरी कबूल करून टाक." आईच्या समाधानासाठी म्हणे! घाबरलाय तो. मीही घाबरलेय.

पानेमोस, २६
केलं कबूल. पाप माझं मीच बेतलं — न धुतलेल्या कपड्यांनी देवळात गेले. सुटसुटीत! पाथरवट म्हणतो, "वहिनी, जागा उरलीय. अजून काही आहे का?" जणू भाजी वाढतोय. म्हटलं, "डोळे मोठे काढा, भरेल जागा."

मेट्रास दगडासमोर हात वर करून गरजला. सासूबाई रडल्या. अप्फियाने येऊन मिठी मारली, आता मी त्यांच्यातली झाले ना! अंगावर पाल पडल्यासारखं झालं मला.

लोओस महिना, ३
जेवताना ग्लिकोन भाकरी चाचपडत होता. भाकरी समोरच होती. मी हातात दिली तर हसला. मला तिथे बसवेना.

मेट्रास म्हणतो, "देवाला ते पाप पटलं नाही. खरं दुसरंच आहे." शहाणाच! याला काय कळतं? काही कळत नाही त्याला.

लोओस, ६
सकाळपासून स्वतःचं खरं पाप शोधतेय. खरंच शोधतेय. लहानपणापासूनचं एकेक काढून पाहिलं, कुठलं ते कळत नाही. देवा, तूच सांग. कोरते.