केसभर वर

१७ फेब्रुवारी, दुपारचे दोन

प्रिय गेंड्या,

कसा आहेस? मी ठणठणीत. जेवतो, झोपतो, मार खात नाही, कारण इथे मारत नाहीत. पत्राची सुरुवात अशी करायची असते, शाळेतला तेवढाच धडा माझ्या डोक्यात राहिलाय.

फोन असताना कागद कशाला, म्हणशील. फोनवर तू मधेच बोलतोस. आज मधे बोललास तर माझं राहून जाईल.

आधी मजा ऐक. आमचं विद्यापीठ केवढं, तर या टोकाला शिंकलं की त्या टोकाचा शिपाई दचकतो. संगीत विभागात आम्ही एकतीस जण. तीस गाणारे-वाजवणारे आणि एकटा मी वाद्यदुरुस्तीवाला. परवा हजेरी घेणाऱ्या सरांच्या खुर्चीखाली मी हॉर्न बसवला. ते टेकले, तो कोकलला, आणि आमचे विभागप्रमुख डोळे मिटून म्हणाले, "कोमल निषाद." सगळा वर्ग आडवा!

हसलास ना? हस. पुढे तसं काही नाहीये.

तू दोनदा विचारलंस, तुझी ताई फोन का उचलत नाही, नुसते मेसेज का टाकते. मी म्हटलं, परीक्षा आलीय. खोटं होतं ते. ताईचा घसा बसलाय. हेही अर्धंच खरं आहे. थांब, नीट सांगतो.

रोज सकाळी सहाला सरावाच्या आठ खोल्यांत जाऊन वाद्यं सुरात लावून ठेवायची, हे माझं काम. सूरपेट्याही मीच लावतो. सूरपेटी म्हणजे तो लहानसा डबा, चालू केला की एकच सूर धरून बसतो आणि गाणारा त्याच्यावर गातो. मी लावलेला सूर कुणी तपासत नाही. बाकी कशात माझ्यावर विश्वास नाही यांचा, पण यात डोळे मिटून आहे.

डिसेंबरात ताईच्या गाण्याच्या बाई महिनाभर रजेवर गेल्या. ताई तीन नंबरच्या खोलीत एकटीच रोज तीन तास गायची. मला वाटलं, एक गंमत करू. तिची सूरपेटी रोज केसभर वर चढवायची. अगदी केसभर. बघू तर, एवढी हुशार बाई कितव्या दिवशी पकडते! पकडलं की पाठीत धपाटा घालणार, आणि मी वर्षभर चिडवणार. एवढंच होतं रे. शपथ.

तिनं पकडलंच नाही. रोज थोडंथोडं चढलं की कान त्यालाच घरचा सूर समजतो. हे मला आज कळतंय.

दहाबारा दिवसांनी म्हणाली, "हल्ली वरचे सूर लावताना गळा ओढल्यासारखा होतो रे."

मी म्हटलं, "म्हातारी झालीस."

"गप रे. पेटी बघून दे ना एकदा, चढलीय का."

गेंड्या, पुढचं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मी पेटी हातात घेतली, कानाला लावली, डॉक्टरसारखं तोंड केलं आणि म्हटलं, "बरोब्बर आहे. तूच रियाज वाढव."

तिनं वाढवला. तीनाचे चार तास.

मला वाटलं होतं, अजून आठवडाभर ताणू, मग सांगू, मग मोठी मजा होईल. चढवताना मी मोजलंही नाही. बाई परत आल्या त्या दिवशी मी तिथेच, पायानं वाजवायच्या मोठ्या हार्मोनियमखाली आडवा पडून स्क्रू पिळत होतो. ताईनं दोन ओळी गायल्या आणि बाईंनी तिला थांबवलं.

"कुठे गातेयस तू?"

"माझ्याच पट्टीत, बाई."

बाईंनी हार्मोनियमवर तिची पट्टी दाबली. मग एक वरची, मग आणखी एक, मग आणखी एक. तिसऱ्या पट्टीवर जुळलं. ताई हसायला गेली, खोकली, आणि रुमालावर लाल ठिपका पडला.

मी हार्मोनियमखालून बाहेर आलोच नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, स्वरतंतूवरची बारीक शीर फुटलीय. सहा आठवडे पूर्ण मौन. कुजबुजही नको, हुंदका देऊन रडणंही नको. आणि ओरडली तर आवाज कायमचा जाऊ शकतो. घरी कळवू नका म्हणून तिनंच पाटीवर लिहून हात जोडले होते. मला तेवढंच हवं होतं. साडेचार आठवडे झालेत. ती गळ्यात छोटी पाटी अडकवून हिंडते, आणि मी समोर दिसलो की अजूनही माझी टोपी ओढते.

सूरपेटी मी त्याच दिवशी गुपचूप मूळ सुरावर खाली आणून ठेवली. त्यानं सगळं आणखी बिघडलं. बाईंनी पेटी तपासली, ती बरोबर निघाली. मग चुकलं कोण? ताई. आता सगळे म्हणतात, हिचा कान गेला. तीही तेच म्हणते. पाटीवर लिहिलं, "ज्याला स्वतःचा सा कळत नाही, त्यानं गाऊ नये." मी वाचलं, तिनं पुसलं.

गेल्या बुधवारी तिनं मला एक कागद दिला. ऑफिसात बोलता येत नाही, तू देऊन ये म्हणून. मी जिन्यात उघडला. गाणं सोडायचा अर्ज होता. सही केलेला. गेले सहा दिवस तो माझ्या शर्टाच्या खिशात आहे. ती रोज खुणेनं विचारते, दिलास? मी रोज नाही म्हणून मान हलवतो. आज कारकून जेवणाच्या रांगेत म्हणाला, "तुझ्या ताईला सांग, अर्ज आज पाचपर्यंतच घेणार." तिनं त्याला स्वतःच चिठ्ठी पाठवून विचारलं असणार. म्हणजे पाचच्या आत ती स्वतःच दुसरा अर्ज घेऊन तिथे जाणार.

तिला सांगायलाच हवं, तिचा कान शाबूत आहे, सूर मी हलवला होता. हे एकच वाक्य ऐकलं तर ती अर्ज फाडेल.

पण तू तुझ्या बहिणीला ओळखतोस. मी तुमच्या काचा फोडल्या तेव्हा तिचा आवाज चार घरं पलीकडे गेला होता. आज तिला हे कळलं आणि ती तशी ओरडली, तर? नाही सांगितलं तर गाणं जातं. सांगितलं तर गळा जाऊ शकतो. बाईंना आधी सांगावं म्हणून त्यांच्या दारात गेलो, कुलूप होतं. त्या उद्या येणार.

खूप डोकं चालवलं. लोकांना फसवताना किती भराभर चालतं माझं! आज एवढंच सुचलंय: तोंडानं सांगायचं नाही. तिचीच पाटी मागून घ्यायची, आधी लिहायचं, "ताई, हात तोंडावर घट्ट धर." तिनं धरला की मग बाकीचं. आत्ता पत्र अर्धवट ठेवून दवाखान्यात जाऊन आलो, तिथल्या नर्सबाईंना ताईच्या दाराबाहेर उभं राहायला सांगितलंय. कशासाठी ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या चपला घालून निघाल्या.

साडेतीन होत आलेत. हे पत्र फाटकापाशी डब्यात टाकतो आणि तसाच तिच्या खोलीत जातो. तुला मिळेल तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. तिला फोन करू नकोस. सवयीनं उचलून बोलून बसेल. तू स्वतःच ये. मला बडवायला आलास तरी चालेल, पण ये. आधी तिच्याकडे जा.

ताईवर लक्ष ठेव असं स्टेशनवर तू ज्याला सांगितलं होतंस,
तो